परागनलिकेने नेमकं कधी फुटायचं?

शाळेत आपण शिकतो की परागकण कुक्षीवर पडतो आणि मग फलन होतं. मला आज बोलायचंय ते त्या ‘आणि मग’बद्दल. परागकण कुक्षीवर रुजतो, त्यातून एक नळी निघते आणि ती मादीच्या ऊतींतून वाट काढत बीजांडापर्यंत पोचते. मक्याच्या कणसावर जो केसांचा झुबका असतो ना, त्यातल्या एकेका केसातून अशी नळी उतरते. वीतभर, कधी त्याहून जास्त. आणि ही अख्खी नळी म्हणजे एकच पेशी! तिच्या पोटात दोन पुंपेशी असतात. त्यांना स्वतःला हलता येत नाही, नळी नेईल तिथे जायचं. मुक्कामी पोचल्यावर नळी फुटली तरच त्या बाहेर पडणार. वाटेत फुटली तर सगळं वाया, आणि पोचूनही फुटली नाही तरी वायाच.

ही वेळ ठरवणारी मंडळी म्हणजे प्रोटीन कायनेज. एखाद्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवायचं, एवढंच त्यांचं काम. फॉस्फेट बसलं की त्या प्रथिनाचं वागणं बदलतं, काढलं की पूर्ववत. ही गोष्ट आधी प्राण्यांच्या स्नायूंत उलगडली, आणि त्यासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना १९९२ सालचं नोबेल मिळालं. वनस्पतींनी मात्र यात कमालच केली आहे. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं क्षुल्लक तण. त्यात ६०० पेक्षा जास्त ग्राही कायनेज आहेत. ग्राही म्हणजे पेशीपटलात रुतून बसलेलं प्रथिन: एक टोक बाहेर, निरोप घ्यायला, दुसरं आत, फॉस्फेट चिकटवायला. झाडाला मज्जासंस्था नाही, तेव्हा शेजारच्या पेशीशी बोलायचं तर ते बरंचसं या मार्गानेच.

आपल्याला हवं असलेलं ग्राही कायनेजांचं घराणं पहिल्यांदा सापडलं ते सदाफुलीत, १९९६ साली. हो, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतच. अरॅबिडॉप्सिसमध्ये या घराण्याचे १७ सदस्य आहेत. त्यांतले दोन, ॲन्क्सर-१ आणि ॲन्क्सर-२, परागनलिकेत असतात. यातलं एक बंद पाडलं तर काही बिघडत नाही. दोन्ही बंद पाडली की नळी परागकणातून डोकं काढते न काढते तोच फुटते. नळी वाढताना स्वतःच राल्फ नावाची छोटी पेप्टाइडं (प्रथिनांसारख्याच, पण आखूड साखळ्या) सोडते, ती या ग्राहींवर बसतात आणि ‘भिंत शाबूत आहे, वाढ चालू दे’ हा निरोप सतत आत जात राहतो. बीजांडात तयार होणारं राल्फ-३४ मात्र त्याच ग्राहींवर जागा पटकावतं. काचेवर वाढणाऱ्या नळ्यांवर ते टाकलं तर त्या टोकाशी फुटतात. म्हणजे फुटणं ही नळीची मूळ प्रवृत्तीच. प्रवासभर तिला रोखून धरावं लागतं.

आता मादीची बाजू. बीजांडाच्या आत, जिथे फलन होतं, त्या भ्रूणकोषाच्या तोंडाशी दोन सहायक पेशी असतात. त्यांच्या पटलावर याच घराण्यातलं फेरोनिया हे कायनेज असतं. (फेरोनिया ही प्राचीन इटलीतली प्रजननाची देवी, ॲन्क्सर तिचा पती. वनस्पतिशास्त्रज्ञ रूक्ष असतात असं कोण म्हणतं?) फेरोनियाची एक प्रत बिघडलेल्या झाडाची शेंग उघडून बघितली तर निम्मे दाणे हिरवे, टपोरे आणि निम्मी बीजांडं पांढुरकी, आक्रसलेली दिसतात. त्या आक्रसलेल्यांत काय झालं हे बघायला ॲनिलीन ब्लू नावाचा रंग वापरतात. अतिनील प्रकाशात परागनलिका निळसर चमकते. नळी बरोबर आत पोचलेली असते. पण थांबत नाही, फुटत नाही, भ्रूणकोषातच वेटोळी घालत वाढत राहते. कधी तर मागून दुसरी नळीही आत शिरते. परागकण पूर्ण निरोगी, तरी तो फुटत नाही, कारण ‘थांब’ म्हणणारी मादी मुकी झालेली असते. फेरोनियाचं जनुक २००७ साली झुरिचच्या गटाने ओळखलं. मला या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत देखणा पुरावा वाटतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जवळच्या पण वेगळ्या जातीचा पराग दिला तरी अनेकदा नळी अशीच न फुटता वाढत राहते. दोन जातींचा संकर का जमत नाही, याचं एक कारण हे असू शकतं.

२०१० साली याला अनपेक्षित फाटा फुटला. फेरोनिया बिघडलेल्या झाडांवर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड पसरवणारी बुरशी, नीट वाढेना. द्राक्षबागायतदारांना भुरी काय ते सांगायला नको, जरी त्यांची भुरी वेगळ्या बुरशीची असली तरी. नळीच्या स्वागतासाठी सहायक पेशीत नॉर्शिया नावाचं आणखी एक प्रथिन लागतं आणि ते निघालं एमएलओ कुटुंबातलं. याच कुटुंबातलं एक जनुक निकामी झालं की बार्ली भुरीला दाद देत नाही. थोडक्यात, पेशीत घुसणारा बुरशीचा तंतू आणि आत येणारी परागनलिका यांच्या वाटेत एकाच नात्यातली प्रथिनं दिसतात. पुढे मर रोगाची फ्युजॅरियम बुरशी राल्फची नक्कल असलेलं पेप्टाइड सोडून फेरोनियालाच फितवते, हेही दिसलं.

मग फेरोनिया सरळ काढून टाकावं का? प्रश्न स्वाभाविक आहे. पण काढलं तर बी फारसं धरत नाही. शिवाय काही जिवाणूंविरुद्धची झाडाची प्रतिकारशक्तीही फेरोनियावर अवलंबून आहे, त्यामुळे अशी झाडं भुरीतून सुटली तरी त्या जिवाणूंना जास्त बळी पडतात. फक्त पानातलं फेरोनिया बंद ठेवून बीजांडातलं चालू ठेवता येईल का, हा त्यापुढचा प्रश्न. तिथेही अडचण आहेच: पान, मूळ, पेशीभित्ती, सगळीकडे हेच कायनेज कामाला लागलेलं असतं, आणि ते गेलं की झाडाची वाढच खुंटते.