दोन्हीकडे वाहणाऱ्या नदीतलं नौदल

श्रोते हो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात फौजेतला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळे ओढा पायदळाकडे. नौदलात गेलेले त्या मानाने थोडे, आणि 1971 च्या लढाईत नौदल म्हटलं की कराचीवरचा हल्ला, विक्रांत आणि खुकरी इतकंच आपल्या बोलण्यात येतं. त्याच लढाईत नौदलाचे काही अधिकारी आणि नाविक पूर्व बंगालच्या नद्यांमध्ये लढले. आज त्या कामाविषयी बोलू. शौर्याबरोबर पाणी, इंजिन आणि घड्याळाविषयीही बोलायला हवं, कारण तिथं निम्मी लढाई त्यांच्याशीच होती.

आधी नदी समजून घेऊ. आपली कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा एकाच दिशेनं वाहतात. पावसाळ्यात पाणी चढतं, उन्हाळ्यात उतरतं. आजच्या बांगलादेशातल्या खुलन्याकडची पसूर नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. भरती आली की समुद्राचं पाणी आत घुसतं, ओहोटी लागली की बाहेर पडतं. मधे थोडा वेळ पाणी थांबल्यासारखं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाण्याची चढउतार मोठी आणि ओढही जबर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी आणि ओढ सौम्य. कोकणातल्या नाखव्याला हे सांगावं लागत नाही. घाटावरून भरती झालेल्या पोराला ते शिकावं लागतं.

आता 15 ऑगस्ट 1971 च्या रात्रीकडे या. त्या रात्री बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या पाणबुड्यांनी, म्हणजे बुडी मारून पोहणाऱ्या माणसांनी, चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकाच वेळी हल्ला केला. मोहिमेचं नाव ऑपरेशन जॅकपॉट. आठ-नऊ दिवसांपूर्वी पौर्णिमा होऊन गेली होती, गोकुळाष्टमीही नुकतीच झाली होती. म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार आणि समुद्राला भांग. पोहणाऱ्यासाठी याहून बरी रात्र मिळणं कठीण: अंधार आहे आणि भरती-ओहोटीची ओढ कमी आहे. मात्र ऑगस्टच्या पुराचं पाणी वरून येतच असतं, त्याला तिथी नसते.

या पाणबुड्यांचं शिबिर भागीरथीच्या काठी पलाशीला होतं. नवाबाच्या लढाईमुळे शाळेत घोकलेली हीच ती प्लासी. शिबिराचा कणा होते आठ बंगाली नाविक. पाकिस्तानी पाणबुडी मँग्रोवर ते फ्रान्समध्ये तुलोंला होते, तिथून मार्च 1971 च्या अखेरीस निसटून स्पेनमार्गे भारतात आले. शिकवायला भारतीय नौदलाचे लोक होते. बाकी सगळी नदीकाठची पोरं, बहुतेक विद्यार्थी. पोहणं त्यांना येत होतंच. आवाज न करता पोहणं वेगळं. पाठीवर पडायचं, नाक-तोंड तेवढं वर ठेवायचं, पायातले फिन पाण्याखालीच हलवायचे. फिन पृष्ठभागावर आपटला तर शांत पाण्यावरून आवाज लांब जातो. छातीला गमछाने विटा बांधून तासन्‌तास सराव व्हायचा, कारण प्रत्यक्षात तिथं सुमारे पाच किलोचा लिंपेट सुरुंग बांधायचा होता.

लिंपेट लोखंडी तळाला लोहचुंबकाने चिकटतो. ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या जहाजाच्या तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर असतो, त्यावर चुंबक धरत नाही. म्हणून पाणबुड्याकडे सुरी. बुडी मारायची, पाण्याच्या रेषेखाली पाच-सहा फुटांवर हात चाचपायचा, थर खरवडून लोखंड उघडं करायचं आणि मग सुरुंग लावायचा, तोही आदळू न देता. एका जहाजाला साधारण तिघं: एक नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाला, एक मधे, एक मागच्या टोकाला. एकच भोक पडलं तर जहाजाचे आतले कप्पे त्याला तारू शकतात. तीन ठिकाणी पाणी शिरलं की पंप पुरत नाहीत.

दुसरी अडचण वेळेची. सुरुंगातली विरघळणारी गुडदी पाण्यात पडल्यावर विरघळू लागते आणि ती विरघळली की स्फोटाची तयारी पूर्ण. पोहत जायलाच जास्त वेळ लागणार असेल तर सुरुंग छातीवरच फुटायचा. यावर उपाय निघाला तो साधा होता: गुडदीवर निरोध चढवायचा आणि सुरुंग जहाजाला लावल्यावर तो काढून टाकायचा. लढाईच्या सामानात निरोधांच्या पेट्यांची मागणी पाहून कचेरीतल्या माणसाच्या भुवया उंचावल्या असतील, पण इलाज चोख होता.

चार ठिकाणी एकाच रात्री हल्ला करायचा तर निरोप कसा द्यायचा? बिनतारी संच शत्रूला सापडतो. त्यासाठी आकाशवाणीचं कोलकाता केंद्र वापरलं. ठरलेली दोन बंगाली गाणी. पहिलं लागलं की तयार राहा, दुसरं लागलं की निघा. तुकड्यांच्या म्होरक्यांनी खिशातल्या छोट्या ट्रान्झिस्टरवर ती ऐकली. इतरांच्या लेखी ती नेहमीची गाणी. चितगावात त्या रात्री अल-अब्बास आणि हॉर्मुझ ही दोन मोठी जहाजं माल पोटात असताना बुडाली.

पोहण्याचा भाग इथवर. आता बोटींकडे वळू.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत मुक्तिवाहिनीला पद्मा आणि पलाश या दोन बोटी मिळाल्या होत्या. मुळात त्या कोलकाता बंदराच्या कामाच्या बोटी. त्यांच्यावर 40 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या. तोफ बसवणं म्हणजे चार बोल्ट आवळणं नव्हे. गोळी सुटली की मागे बसणारा धक्का डेकच्या पत्र्याला पेलत नाही, म्हणून खाली आधाराचे गर्डर द्यावे लागतात. वर वजन वाढलं की बोट वळताना जास्त कलते. आणि एकूण वजन वाढल्याने बोट पाण्यात आणखी बसते. समुद्रात वीतभर जास्त बसली तर कुणी विचारत नाही. नदीत तेवढ्याने ती वाळूवर चढते.

गाळ्यात, म्हणजे दोन काठांमधल्या अरुंद पाण्यात, काय काय बिघडतं ते पाहा.

वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल, आतल्या काठाला वाळू. कृष्णाकाठच्या मांजरी किंवा कुडची गावच्या नावाड्याला हे जन्मापासून ठाऊक. तिथं भर अशी की ओहोटीत जी वाळू दिसते ती भरतीत झाकली जाते. बोट वाळूवर बसलीच तर पहिला प्रश्न एकच: पाणी चढतंय की उतरतंय? चढतं असेल तर इंजिन मंद ठेवून थांबा, पाणीच उचलेल. उतरतं असेल तर हातात काही मिनिटं असतात. माणसं आणि जड सामान मागे सरकवून लगेच उलटं इंजिन, नाहीतर पुढची भरती येईपर्यंत बोट शत्रूच्या काठाजवळ उघडी पडून राहणार. उधाणाच्या माथ्यावर रुतली तर पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळपास पंधरा दिवस. म्हणून नदीत वर जायचं ते भरतीबरोबर, परतायचं ते ओहोटीबरोबर. हल्ल्याची वेळ सेनापतीच्या आधी पंचांग ठरवतं.

उथळ पाण्यात वेग वाढवला की बोटीचा मागचा भाग खाली बसतो आणि सुकाणू जड होतं. काठाच्या फार जवळून गेलं तर मागचा भाग काठाकडे ओढला जातो आणि नाळ भलतीकडे वळते. नवखा खलाशी अशा वेळी वेग वाढवतो, म्हणजे आगीत तेल. वेग कमी करणं हाच उपाय.

सगळ्यात मोठी डोकेदुखी इंजिनरूममध्ये. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घेतात. नदीत ते गाळाचं, वर जलपर्णी. पंचगंगेवरची जलपर्णी ज्यांनी पाहिली त्यांना चित्र डोळ्यांपुढे येईल. गाळणी चोंदली की बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होते, आणि तापमानाचा काटा त्यानंतर चढतो. म्हणून जाणता आर्टिफिसर, म्हणजे इंजिन सांभाळणारा नौदलाचा तंत्रज्ञ, काट्याआधी धारेकडे बघतो. धार बारीक झाली की इंजिन थांबवायचं, तळाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गाळणीचं झाकण उघडून जाळी धुवायची, झाकणाखालचा रबर नीट बसवायचा, मग व्हॉल्व्ह उघडून आतली हवा सोडायची. व्हॉल्व्ह बंद करायला विसरून झाकण उघडलं तर नदी थेट इंजिनरूममध्ये. हवा सोडली नाही तर पंप कोरडा फिरून रबरी इंपेलरची पाती झडतात. हे सगळं बाहेर गोळीबार चालू असताना, अंधारात, गरम पाइपांच्या मधे वाकून.

आणि तोफेचं एक गणित. भरतीला डेकवरून काठ खाली दिसतो. ओहोटीला बोट काठाच्या खाली जाते, मग काठावरचा मातीचा बांधच तोफेच्या तोंडासमोर येतो. बांधामागच्या बंदुकधाऱ्याला मात्र तुमचं डेक वरून दिसतं.

डिसेंबरमध्ये पद्मा, पलाश आणि भारतीय नौदलाची बोट पनवेल यांचं पथक सुंदरबनातून वर निघालं. नेतृत्व कमांडर मोहन नारायण राव सामंत यांचं. करंज पाणबुडीचे पहिले कमांडिंग ऑफिसर तेच. पनवेलवर लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा. 10 डिसेंबरला सकाळी मोंगला गाठलं, तिथं विरोध उरला नव्हता, म्हणून पथक पुढे खुलन्याकडे गेलं. आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून बोटींचा वरचा भाग पिवळा रंगवला होता, पिवळ्या कापडाचे पट पसरले होते. दुपारच्या सुमारास खुलन्याजवळ वर विमानं आली. आपलीच आहेत, तोफा चालवू नका, असा हुकूम सुटला. विमानं खरोखर आपलीच होती, आणि त्यांनीच हल्ला केला. पद्मा आणि पलाश गेल्या.

पिवळा रंग पुरेसा का पडला नाही, याचं तांत्रिक उत्तर फार अवघड नाही. विमान त्या पट्ट्यावरून काही सेकंदांत निघून जातं, खाली तपकिरी पाणी, धूर, आणि वैमानिकाला सांगितलेलं असतं की इथल्या बोटी शत्रूच्या. रंगाची खूण ही शेवटची तजवीज. खरी तजवीज म्हणजे बोटी ठरल्यापेक्षा पुढे गेल्या की ती खबर त्याच तासात हवाई तळावर पोचणं. नदीतलं पथक वेगाने सरकतं, निरोप दोन-तीन कचेऱ्यांतून फिरतो.

पाण्यात पडलेल्यांवर काठावरून गोळीबार सुरू झाला. पद्मावरचे लीडिंग सीमन चिमण सिंग स्वतः जखमी होते. त्यांनी बुडू लागलेल्या साथीदारांना काठाला आणलं आणि नंतर शत्रूच्या दिशेने धावत जाऊन गोळीबार अंगावर ओढून घेतला, तेवढ्यात बाकीचे निसटले. ते कैद झाले. पलाशच्या इंजिनरूममधले बंगाली आर्टिफिसर रुहुल अमीन शेवटपर्यंत इंजिन वाचवायला झटले, काठावर पोचल्यावर मारले गेले. बीरश्रेष्ठ हा बांगलादेशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान, तो मिळालेल्या सातांपैकी ते एक. पनवेलने वाचलेल्यांना उचललं आणि लढत राहिली. सामंत, नोरोन्हा आणि चिमण सिंग या तिघांनाही महावीर चक्र मिळालं.

आपल्या भागात कुणाच्या घरी आजोबांची नौदलातली पदकं पेटीत पडून असतील तर एकदा काढून पाहा. 1971 साठी संग्राम मेडल वेगळं, पूर्वेकडच्या कामगिरीसाठी पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्यासाठी पश्चिमी स्टार वेगळा. संग्राम मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव बारीक कोरलेलं असतं. ब्रासो लावून घासू नका, कोरीव अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा. डिस्चार्ज बुकात कोणत्या जहाजावर किंवा तळावर किती काळ, हे ओळीने लिहिलेलं असतं. ते हरवलं असेल तर नाविकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चित्ता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अर्जात सर्व्हिस नंबर, भरतीचं साल आणि ट्रेड घाला. नंबर माहीत नसेल तर पेन्शनच्या कागदावर तो सापडतो. बेळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवला तर कागद कसे जोडायचे तेही तिथंच कळतं.

नमस्कार.