काझीचा शिक्का, मोडीतली साक्ष

(दृश्य: कागदाची लांब गुंडाळी हळूहळू उलगडते. वरच्या भागात फारसी ओळी आणि काझीचा गोल शिक्का, खाली मोडीतला मजकूर.)

सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये एखाद्या गावच्या पाटीलकीवर दोन घराण्यांनी दावा सांगितला, की तो तंटा तोडण्यासाठी मजलिस बसत असे. परगण्याचा काझी, देशमुख, देशपांडे, शेजारच्या गावांचे पाटील आणि बलुतेदार तिथे हजर असत. दोन्ही बाजूंचे जबाब होत, साक्षी होत, जुने कागद तपासले जात आणि अखेरीस जो निवाडा ठरे तो लिहून त्यावर सगळ्यांची साक्ष घातली जाई. ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी करी. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, कारागिरांची आपापल्या धंद्याची अवजारे या कागदांवर आजही दिसतात. या कागदाला महजर म्हणत.

महजर हा शब्द अरबी आहे. मराठीतले हजर, हजेरी आणि हुजूर हे शब्द ज्या धातूतून आले, त्याच धातूतून तोही आला. अरब जगातल्या काझीच्या न्यायालयात महजर म्हणजे सुनावणीचा वृत्तांत आणि सिजिल म्हणजे निकालाची नोंद, असा भेद होता. मोगल हिंदुस्थानात महजर बहुधा लोकांनी शिक्के-सह्या करून दिलेल्या साक्षीच्या कागदाला म्हणत, तर महाराष्ट्रात त्याच नावाखाली मजलिशीचा निवाडाच लिहिला जाऊ लागला. एकच कायदेशीर दस्तऐवज तीन प्रदेशांत तीन कामे करू लागला, ते कसे आणि का, हा आज इस्लामी कायद्याच्या इतिहासातला जिवंत प्रश्न आहे.

(दृश्य: अभ्यासिकेतले टेबल, भिंगाखाली मोडी अक्षरे.)

फार काळ या विद्याशाखेत ग्रंथांनाच मान होता. कायदेपंडितांनी काय लिहिले, कोणत्या संप्रदायाचे कोणते मत होते, यावरून कायदा समजून घेतला जाई. प्रत्यक्ष न्यायालयात काय घडले हे पाहायचे तर दप्तरांकडे वळावे लागते, आणि गेल्या काही दशकांत अभ्यासक तसे वळले आहेत. उस्मानी (ऑटोमन तुर्क) साम्राज्यातल्या काझींच्या नोंदवह्या मोठ्या संख्येने टिकल्या, त्यामुळे तिकडचा अभ्यास लवकर फोफावला. १९९१ मध्ये हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयात इस्लामी कायद्याच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले आणि १९९४ पासून 'इस्लामिक लॉ अँड सोसायटी' हे याच विषयाला वाहिलेले नियतकालिक निघू लागले. कायद्याचा ग्रंथ आणि समाजातला व्यवहार यांचा एकत्र विचार व्हावा, हे त्याच्या नावातच आहे.

महाराष्ट्रात मात्र दप्तराकडे वळण्याचे काम त्याही आधी झाले होते, याची आठवण इथे अगत्याने करायला हवी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून १९५३ साली वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याचा पाया महजरांसारख्या अस्सल कागदांवर होता. भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी दख्खनच्या फारसी कागदांचे वाचन आणि प्रकाशन चिकाटीने केले. या दोघांनी जे केले ते आपण मराठ्यांचा इतिहास म्हणून वाचतो. पण काझी ज्या मजलिशीत बसला, त्या मजलिशीचा इतिहास हा इस्लामी कायद्याचाही इतिहास आहे, आणि त्या अंगाने हे कागद पुन्हा वाचायचे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.

अलीकडे त्याला परदेशातूनही बळ मिळाले. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात इतिहासकार नंदिनी चॅटर्जी यांच्या नेतृत्वाखाली २०१७ मध्ये युरोपीय संशोधन परिषदेच्या निधीतून एक प्रकल्प सुरू झाला. फारसी भाषेच्या प्रभावाखालच्या प्रदेशांतले कायदेशीर दस्तऐवज एकत्र अभ्यासणे हा त्याचा हेतू होता. त्यात फारसी-मराठी द्विभाषी कागदांनाही स्थान मिळाले.

(दृश्य: एका वर्गात फळ्यावर लिहिलेली मोडी बाराखडी.)

मराठी विद्यार्थ्याला खरी संधी इथेच आहे. इस्लामी कायद्याच्या इतिहासावरच्या एखाद्या चर्चासत्राचे निमंत्रण निघते तेव्हा आयोजक बहुधा दोन-तीनशे शब्दांचा गोषवारा मागतात. त्यातून निवड करताना ते एकच गोष्ट बारकाईने पाहतात, ती म्हणजे अर्जदाराच्या हाती कोणते मूळ साधन आहे. अरबी ग्रंथांवर काम करणारे अभ्यासक जगभर आहेत. महजराचा वरचा फारसी भाग आणि खालचा मोडी भाग हे दोन्ही स्वतः वाचून त्यांतली तफावत दाखवू शकेल, असा माणूस मात्र विरळा. मोडीचे वर्ग महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात आणि काही महिन्यांत अक्षर बसते. फारसीला वेळ लागतो, कागदावरची शिकस्ता, म्हणजे घाईने लिहिलेली जोडअक्षरी फारसी लिपी, वाचण्यास त्याहून अधिक लागतो. तरीही चोवीस-पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तीन वर्षे या दोन लिप्यांना दिली, तर ती वाया जाण्याची भीती मला वाटत नाही.

दुसरी संधी घराघरांतल्या कागदांची आहे. १८६४ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काझींच्या सरकारी नेमणुका बंद केल्या, १८८० च्या काझी कायद्याने त्या मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाल्या. न्यायदानाचा अधिकार मात्र परत आला नाही. काझी निकाह लावत राहिले आणि त्यांची नोंद ठेवत राहिले. अशा नोंदवह्या, सनदा आणि इनामांचे कागद ज्या घराण्यांत उरले आहेत, तिथे वाळवी आणि ओल त्यांची वाट पाहत नाहीत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दप्तरांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून अशा संग्रहांच्या डिजिटल प्रती काढण्यासाठी अनुदान देत आला आहे, आणि मूळ कागद आपल्याच देशात राहावेत हे त्याचे धोरण आहे.

(दृश्य: माथेरानची लाल माती, मग मुंबईचा फोर्ट परिसर.)

या वाटेवर मुंबईचा एक माणूस फार पुढे चालून गेला. आसफ अली असगर फैझी यांचा जन्म १८९९ साली माथेरानला, सुलेमानी बोहरा, म्हणजे शियांमधल्या इस्माइली पंथाच्या एका शाखेतल्या, घराण्यात झाला. केंब्रिजला अरबी-फारसीचे शिक्षण घेऊन आणि बॅरिस्टर होऊन ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले आणि पुढे १९३८ ते १९४७ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे १९४९ मधले पाठ्यपुस्तक वकिलांच्या अनेक पिढ्यांनी वापरले आणि न्यायालयांनी उद्धृत केले. पण त्यांचा जीव गुंतला होता तो दहाव्या शतकातल्या एका ग्रंथात.

उत्तर आफ्रिकेतल्या इस्माइली फातिमी राजवटीचा खलिफा अल-मुइझ याच्या काळात काझी नुमान यांनी 'दआइम अल-इस्लाम' हा कायदेग्रंथ रचला. बोहरा समाजात तो आजही प्रमाण मानला जातो. त्याची हस्तलिखिते समाजातल्या संग्रहांत जपून ठेवलेली होती आणि बाहेरच्या अभ्यासकाला ती सहसा पाहायला मिळत नसत. फैझींनी निरनिराळ्या प्रती मिळवल्या, त्यांची पाठभेदांसह तुलना केली आणि संपादित अरबी संहितेचा पहिला खंड १९५१ मध्ये, दुसरा १९६० मध्ये कैरोहून प्रसिद्ध केला. याच वर्षांत ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते, लोकसेवा आयोगाचे सदस्य होते, जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. इतक्या जबाबदाऱ्यांमध्ये हस्तलिखितांतली एकेक ओळ ताडून पाहण्याचे काम त्यांनी सोडले नाही, हे मला त्यांच्या सगळ्या पदांहून मोठे वाटते.

आपला स्वतःचा इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. जे साहित्य बंद कपाटांत होते ते विद्यापीठाच्या दारातून येणाऱ्या अभ्यासकासाठी खुले झाले, आणि १९६५ मध्ये त्याची वर्णनात्मक सूचीही छापली गेली.

(दृश्य: हस्तलिखिताचे पान, समासातल्या बारीक नोंदी.)

'दआइम'चा इंग्रजी अनुवादही त्यांनी हाती घेतला होता. १९८१ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा तो प्रसिद्ध झालेला नव्हता. इस्माईल पूनावाला यांनी त्याचे पुनरीक्षण केले, टिपा जोडल्या, आणि तो दोन खंडांत २००२ आणि २००४ साली बाहेर पडला.