घरची मीड निवळू द्या

नमस्कार श्रोतेहो. इथे ब्रिटनमध्ये घरी मध, पाणी आणि यीस्ट घालून मीड, म्हणजे मधाचं मद्य, लावणारे बरेच मराठी लोक आहेत. हिवाळ्याच्या तोंडावर त्यांचा एकच प्रश्न असतो: फसफसणं थांबलं, पण बरणी गढूळच आहे, आता काय घालू? माझं म्हणणं असं, की घाई नसेल तर काहीच घालू नका.

तो गढूळपणा असतो यीस्टच्या पेशींचा, मधातल्या प्रथिनांचा आणि थोड्याफार परागकणांचा. यीस्टची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. कण जितका बारीक तितका तो सावकाश बुडतो. आकार दुप्पट झाला की बुडण्याचा वेग चौपट होतो. साखर संपत आली की बऱ्याच जातींचं यीस्ट एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतं, आणि मग गाळ भराभर खाली बसू लागतो. निवळीची बी उगाळून पाण्यात फिरवली की गढूळ कण असेच एकत्र येतात. मीडसाठी बेंटोनाइट नावाची माती मिळते, तीही हेच करते. पण तिच्यावाचूनही बहुतेक मीड काही महिन्यांत निवळते.

आडवा येतो तो वायू. आंबताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड मीडमध्ये विरघळून राहतो आणि त्याचे बुडबुडे बसू पाहणाऱ्या कणांना पुन्हा वर उचलतात. म्हणून फसफस थांबल्यावर काही दिवस बरणी हलकेच गोल फिरवून वायू जाऊ द्या. हे थंडीत नेण्याआधीच करा, कारण गार द्रवात वायू जास्त विरघळून राहतो. मग बरणी गॅरेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि विसरा. खिडकीत नको, बॉयलरजवळ तर मुळीच नको. एका बाजूने ऊन लागलं की आत प्रवाह सुरू होतात आणि बसलेलं पुन्हा उठतं.

तळाशी बोटभर फिकट साका जमला, की वरची निवळ नळीने दुसऱ्या बरणीत काढा. बरणी आदल्या दिवशीच टेबलावर चढवून ठेवा, म्हणजे हलवताना उठलेला गाळ रात्रीत खाली बसेल. नळीचं टोक साक्याच्या वर धरा. शेवटचा पेलाभर सोडून द्यावा लागला तर खुशाल सोडा. नवी बरणी गळ्यापर्यंत भरा. वर हवा राहिली की रंग काळवंडतो आणि चव शिळी होते.

फळ घातलेल्या मीडचं मात्र वेगळं. फळ उकळलं असेल तर त्यातल्या पेक्टिनचा, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या पदार्थाचा, धूसरपणा वाट पाहून जात नाही. पेक्टिन तोडणारं पेक्टिनेज नावाचं विकर (एन्झाइम) सुरुवातीलाच घालावं लागतं.

पोलंडमध्ये एक भाग मध आणि दोन भाग पाणी घेऊन केलेल्या मीडला त्रुयनियाक म्हणतात. ती किमान एक वर्ष मुरवायची असा तिथला नियम आहे. आपणही तेवढा धीर धरावा असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की तिथे 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी मद्य करता येत नाही.

आणि एक गोष्ट: निवळली म्हणजे आंबणं संपलं असं नव्हे. द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन आठवडे जागचा हलला नाही, तरच बाटल्या भरा. नाहीतर उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि बंद बाटली फुटते.