चिंतामणी नावाचे ग्रंथ

श्रोतेहो, जुन्या संस्कृत ग्रंथांची कोणतीही मोठी सूची उघडली, तर 'चिंतामणी' या शब्दाने संपणारी नावे पुन्हा पुन्हा भेटतात. न्यायशास्त्राचा तत्त्वचिंतामणी आहे, समानार्थी शब्दांचा अभिधानचिंतामणी आहे, राजांच्या आख्यायिकांचा प्रबंधचिंतामणी आहे, पाऱ्यावरच्या प्रक्रियांचा रसेंद्रचिंतामणी आहे, आणि लग्नमुंजीचे मुहूर्त पाहण्यासाठी ज्योतिषी आजही हाताशी ठेवतात तो मुहूर्तचिंतामणी आहे. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावलेली असल्यामुळे हे ग्रंथ एकमेकांच्या शेजारी येत नाहीत. आज ते मुद्दाम शेजारी मांडावेत असे मला वाटते, कारण त्या सर्वांनी वाचकाला दिलेले वचन एकच असले, तरी ते पाळण्याच्या त्यांच्या रीती फार निराळ्या आहेत, आणि त्यांतले काही तर नावापलीकडेही एकमेकांवर अवलंबून आहेत.

मनात आणावे ते देणारे रत्न म्हणजे चिंतामणी, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. थेऊरच्या गणपतीने आणि पसायदानातल्या 'चेतना चिंतामणींचे गाव' या शब्दांनी ते घरोघर पोचवले आहे. ग्रंथाला 'सागर' किंवा 'रत्नाकर' म्हणणारा आपल्या संग्रहाचा विस्तार सांगतो. 'चिंतामणी' म्हणणारा मात्र मागणाऱ्याकडे पाहतो आणि या विषयात तुला जे हवे असेल ते येथेच मिळेल, असे त्याला आश्वासन देतो.

हे आश्वासन सर्वांत मोकळेपणाने दिले ते कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने. त्याचा ११२९च्या सुमारास पूर्ण झालेला ग्रंथ आपण मानसोल्लास म्हणून ओळखतो, पण त्याचे दुसरे नाव अभिलषितार्थचिंतामणी आहे. पाच विंशती आणि प्रत्येकीत वीस अध्याय, अशा शंभर अध्यायांत राज्य मिळवण्यापासून ते टिकवण्यापर्यंत, आणि पुढे भोजन, दागिने, गायन, कुस्ती, हत्तींचे खेळ येथपर्यंत सारे येते. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना मोलाची वाटणारी नोंदही याच ग्रंथातली. अर्थात येथे मागणारा राजा आहे. कांडणाऱ्या स्त्रीची ओवी त्याच्या करमणुकीच्या प्रकरणात येते, ही मर्यादा आपण लक्षात ठेवली पाहिजे.

त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदफ्तराचा प्रमुख, हेमाद्री याने चतुर्वर्गचिंतामणी रचला. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चारही पुरुषार्थांचे वचन नावातच आहे. प्रत्यक्षात खंड आहेत ते व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष असे, आणि त्यांपैकी तीर्थ व मोक्ष हे खंड आज उपलब्ध नाहीत. मग अर्थ आणि काम कोठे गेले, असा प्रश्न कोणीही विचारील. माझ्या मते ते व्रतखंडात आहेत. व्रतांमागून व्रते सांगताना हेमाद्री पुराणांच्या आधाराने त्यांची फळे देतो, आणि ती फळे पाहिली तर धन, संतती, सौभाग्य, आरोग्य हेच त्यांत मुख्य आहे. माणसाच्या इच्छा त्याने नाकारल्या नाहीत. त्या पंचांगातल्या दिवसांना बांधून दिल्या. या ग्रंथाने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली, जी त्याच्या कर्त्याच्या मनातही नसेल. व्रतखंडाच्या आरंभी यादव राजांची वंशावळ सांगणारी प्रशस्ती आहे, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तेव्हा यादवांच्या प्रकरणासाठी तिचा मोठा आधार घेतला. व्रते शोधणाऱ्यांसाठी केलेला ग्रंथ अशा रीतीने इतिहासकाराच्या उपयोगी पडला.

मिथिलेच्या गंगेशोपाध्यायाचा तत्त्वचिंतामणी या सर्वांहून वेगळा आहे, कारण तो संग्रह नव्हेच. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द या चार प्रमाणांची, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याच्या साधनांची, त्याने इतकी काटेकोर छाननी केली, की नव्यन्यायाची, म्हणजे न्यायशास्त्राच्या नव्या शाखेची, सारी परंपरा या एका ग्रंथाभोवती उभी राहिली. टीकाकारांनीही रत्नाचे रूपक पुढे चालवले: एका टीकेचे नाव 'आलोक', म्हणजे प्रकाश, तर नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीच्या टीकेचे नाव 'दीधिती', म्हणजे किरण. येथे वाचकाला आयते काही मिळत नाही. मागणे कसे तपासावे, हे मात्र त्याला शिकायला मिळते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हेमाद्रीने अमुक तिथीला अमुक व्रत असे सांगितले, पण ती तिथी नेमकी केव्हा लागते आणि केव्हा संपते, हे त्याचा ग्रंथ वाचून कळत नाही. ते गणित कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४७ मध्ये, म्हणजे १५२५ साली, तिथिचिंतामणीत सोपे करून दिले. कोष्टकांवरून थोड्याशा बेरीज-वजाबाकीने तिथी, नक्षत्र आणि योग काढता येत असल्यामुळे महाराष्ट्रातले पंचांगकर्ते शतकानुशतके त्याच्यावर विसंबले. मुहूर्तचिंतामणी १६०० साली काशीत लिहिणारा रामदैवज्ञ मूळच्या विदर्भातल्या घराण्यातला. त्याच्या आजोबांचेच नाव चिंतामणी होते. विवाह, यात्रा, गृहप्रवेश यांचे त्याने दिलेले नियमही तिथी आणि नक्षत्र हाती असल्याशिवाय चालत नाहीत. धर्मशास्त्र, गणित आणि फलज्योतिष असे तीन निराळे विषय, पण एकाच घरातल्या एकाच कार्यासाठी तिन्ही चिंतामणी लागत.

या सर्वांत आपले वचन सर्वांत नेमकेपणाने पाळले ते तिथिचिंतामणीने, असे मी मानतो, आणि म्हणूनच त्यातली चूक सर्वांत आधी दिसली. एकोणिसाव्या शतकापर्यंत कोष्टकांतून निघणारी तिथी आणि चंद्रसूर्यांची आकाशातली प्रत्यक्ष स्थिती यांत काही घटिकांचे (एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटे) अंतर पडू लागले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७ मध्ये नव्या वेधांवर, म्हणजे आकाशाच्या प्रत्यक्ष निरीक्षणांवर, आधारलेले पंचांग सुरू केले, तेव्हा व्रतांचे दिवस बदलतील म्हणून अनेकांनी ते नाकारले आणि जुन्या कोष्टकांचा आग्रह धरला. परंतु गणेश दैवज्ञाचे वडील केशव यांनी स्वतः वेध घेऊन जुन्या गणितातली अंतरे दाखवली होती, आणि पुढच्या काळातल्या चांगल्या गणकांनी आकाश पाहून गणितात दुरुस्ती करावी, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. त्या घराण्याचा खरा वारसा छत्र्यांनी चालवला, कोष्टके कवटाळून बसलेल्यांनी नव्हे.