गायरान नक्की कोणाचं?

गावच्या गायरानाचा सातबारा जरा उघडून बघा. कब्जेदार म्हणून नाव आहे महाराष्ट्र शासन, आणि इतर हक्कात लिहिलंय गुरचरण. म्हणजे मालक सरकार, पण चराईचा हक्क गावाचा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम २२ आहे, त्यात कलेक्टर गावाच्या जनावरांसाठी जमीन राखून ठेवतो, तेच आपलं गायरान.

पण मराठवाड्यात अशा गायरानावर गेलात तर गुरांसोबत ज्वारी आणि तूरही दिसेल. ही शेतं कसणारे बरेचसे दलित, पारधी, भूमिहीन. रिपब्लिकन पक्षाचे नेते दादासाहेब गायकवाड यांनी १९६४ मध्ये देशभर सत्याग्रह केला, लाखो लोक जेलमध्ये गेले, त्यातली मोठी मागणी हीच होती की पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. पुढे सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं खरं, पण पुरावा आणायचा कुठून? एक तर तलाठ्याकडचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाचं रजिस्टर, नाहीतर दंडाची पावती. त्या जुन्या पावत्या लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत जपतात, कारण गुन्हा म्हणून फाडलेला तोच कागद उद्या हक्काचा पुरावा होणार असतो.

२०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाबच्या एका केसमध्ये सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही आहे, पण तेवढं कोणी वाचत नाही. नंतर संहितेत कलम २२-अ आलं, गायरान दुसऱ्या कामाला देता येणार नाही म्हणून, फक्त दुसरी सरकारी जमीन नसेल तर सार्वजनिक प्रकल्पाला सूट. २०२२ मध्ये हायकोर्टाने अतिक्रमणं काढायला सांगितली, सरकारी आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास, आणि नोटिसा गेल्या घरांवर. इकडे सोलर प्रकल्पांना मात्र गायरान मिळतंय, गावं विरोध करतायत तरी.

सोलर पाहिजेच, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी. पण सार्वजनिक काम कशाला म्हणायचं हे मंत्रालयात ठरतं आणि मेंढपाळाला कळतं कुंपण पडल्यावर. कायद्यात आता दुरुस्ती करायचीच असेल तर पहिलं हे लिहा: ग्रामसभेच्या संमतीशिवाय गायरानाचा एक गुंठाही हलणार नाही, आणि त्याच सभेत १-ई चं रजिस्टर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाईल, ज्याचं नाव राहिलंय त्याला तिथेच उभं राहून सांगता येईल.