कोळशाची वाघीण, फुटाला तीन मिलिमीटर

मंडळी, नागपुरात अजनीच्या पुलावर थोडा वेळ उभं राहिलं, की कोळशाची एखादी मालगाडी खालून जातेच. तिच्यातली उघडी, तपकिरी, अंगावर उभ्या पट्ट्या असलेली वाघीण म्हणजे बॉक्सएन. तयार किट न घेता, कोऱ्या प्लास्टिक शीटमधून तिचं छोटं मॉडेल घरच्या टेबलावर कसं बांधायचं, हे आज बघू. पहिल्या कामाला हीच घ्या, असा माझा आग्रह आहे. तिला छप्पर नाही, खिडक्या नाहीत, गोलाई जवळपास नाही. दुसरं कारण गणिताचं आहे, आणि ते आधी समजून घेतलं पाहिजे.

सहज मिळणारा मॉडेल रूळ एचओ नावाच्या मापाचा असतो; दोन रुळांमधलं अंतर 16.5 मि.मी. एचओचं प्रमाण 1:87, खऱ्या गाडीच्या 87वा भाग, म्हणजे हा रूळ 1435 मि.मी. गेजचा झाला. आपलं ब्रॉडगेज 1676 मि.मी.चं. त्याला 1:87 मध्ये 19.3 मि.मी. लागतात. म्हणून एचओ प्रमाणात बांधलेली भारतीय वाघीण त्या रुळावर ठेवली, की अंग रुंद आणि पाय जवळ अशी दिसते. रंग कितीही सुरेख द्या, डोळ्याला ते खटकतंच. आता प्रमाण बदला. एका फुटाला तीन मिलिमीटर धरा, म्हणजे 1:101.6. ब्रॉडगेज साडेपाच फुटांचं. साडेपाच गुणिले तीन, साडेसोळा! तोच बाजारातला रूळ आता नेमका आपला ब्रॉडगेज झाला. एवढंच नाही, बॉक्सएनचं चाक 1000 मि.मी. व्यासाचं असतं, ते 9.8 मि.मी. होतं, आणि एचओमध्ये 33 इंची म्हणून विकलं जाणारं धातूचं चाक असतं 9.6 मि.मी. रूळ आणि चाक या दोनच गोष्टी घरी बनवणं खरोखर अवघड, आणि त्या दोन्ही तयार मिळाल्या. याची किंमत एकच: शेजारी एचओचं इंजिन उभं करू नका, ते 17 टक्के मोठं दिसेल. (ज्यांचा जीव नॅरोगेजवर आहे त्यांनी मात्र 1:87 च धरावं. 762 मि.मी. गेज त्यात 8.8 मि.मी. होतं आणि एन नावाच्या लहान मापाचा 9 मि.मी.चा रूळ चालून जातो. मोतीबागच्या संग्रहालयात नॅरोगेजची गाडी जवळून न्याहाळता येते, ही सोय फार थोड्या शहरांत आहे.)

आता मापं. हेडस्टॉकपासून (सांगाड्याच्या टोकाचा आडवा तुळा) हेडस्टॉकपर्यंत 9784 मि.मी., म्हणजे आपल्याला 96.3. कपलरसकट (दोन वाघिणी जोडणारी कडी) 10713, म्हणजे 105.4. आतली रुंदी 2950, म्हणजे 29.0, बाहेरची 3200, म्हणजे 31.5. रुळापासून वरच्या कडेपर्यंत 3225, म्हणजे 31.7, आतली खोली 1950, म्हणजे 19.2. दोन्ही बोग्यांच्या मध्यांतलं अंतर 6524, म्हणजे 64.2. बोगीचा व्हीलबेस, म्हणजे तिच्या दोन ॲक्सलमधलं अंतर, 2000, म्हणजे 19.7. इथं बोगी म्हणजे प्रवासी म्हणतात तो डबा नव्हे. डब्याखालची चार चाकांची चौकट. उभ्या पट्ट्या किती, दारं कुठं, हे आठवणीवर सोडू नका. फोटोत मोजा, आणि एकाच वाघिणीच्या फोटोत मोजा, कारण दुरुस्तीत पत्रे बदललेले असतात. फोटो पुलावरून किंवा फाटकाबाहेरून घ्या. विनापरवाना रुळांवर उतरणं रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे, आणि बाजूचा सरळ फोटो तसाही लांबूनच चांगला येतो, कडा तिरक्या दिसत नाहीत.

शीट घ्यायचं ते हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरिनचं, दुकानात एचआयपीएस म्हणतात. सनबोर्ड घेऊ नका. आतून तो फेस असतो, कड दाबली जाते आणि तिच्यावर बारीक पट्टी बसत नाही. तळाला 1 मि.मी., भिंतींना 0.75, पट्ट्यांना 0.5. हे आकडे मी सोयीनं निवडलेले नाहीत. बाहेरची रुंदी वजा आतली रुंदी म्हणजे अडीच मि.मी., एका बाजूला सव्वा. भिंत 0.75 अधिक पट्टी 0.5, बरोबर सव्वा.

तळ 96.3 बाय 29.0 कापा. टोकाच्या दोन भिंती 29.0 बाय 20.2, खोलीत तळाची एक मि.मी. जाडी मिळवली आहे. बाजूच्या भिंती 97.8 बाय 20.2, कारण त्या टोकाच्या भिंतींच्या कडा झाकतात. एकाच मापाचे दोन तुकडे एकत्र चिकटपट्टीनं बांधून पाणकागदावर घासा, म्हणजे ते एकमेकांशी तंतोतंत जुळतील. कापताना पोलादी पट्टी लावून तीन-चार हलके हात फिरवा आणि मग शीट मोडा. एकाच जोरात आरपार कापायला गेलात, की पातं तिरकं होतं आणि कडेला प्लास्टिकचा उंचवटा उभा राहतो. तो पात्याच्या पाठीनं खरवडून काढल्याशिवाय गुण्या लावण्यात अर्थ नाही.

चिकटवायला एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन. खिडकी उघडी, ज्योत दूर. तुकडे आधी जोडून धरायचे आणि ब्रशच्या टोकानं फटीला थेंब लावायचा. तो आपोआप आत ओढला जातो. नागपूरच्या मे महिन्यात तो ब्रशवरच उडून जातो. मग माणूस जास्त लावतो, आणि इथंच सगळी गडबड होते.

ही गडबड नीट समजून घ्या, कारण उघड्या वाघिणीची सर्वांत जास्त मॉडेलं यामुळेच बिघडतात. भिंतीच्या फक्त बाहेरच्या बाजूला आपण पट्ट्या चिकटवतो. एमईके प्लास्टिक मऊ करतो आणि नंतर हळूहळू उडून जातो. तो जाताना बाहेरचा थर आकसतो, आतला आकसत नाही. पहिल्या दिवशी भिंत सरळ दिसते. दोन-तीन आठवड्यांनी तिला बाक येतो, आणि छप्पर नसल्यामुळे तिला धरून ठेवणारं वर काहीच नसतं. उपाय तीन, आणि तिन्ही करायचे. पट्ट्यांना एमईके अगदी कमी, टोकांना आणि मध्ये एकेक स्पर्श. पट्ट्या लागल्यावर भिंत सपाट काचेवर, वर वजन ठेवून, किमान 24 तास. आणि पेटी जोडताना आत 29.0 मि.मी.चे तीन ठोकळे उभे करा. वरच्या कडेची आडवी पट्टी चारही बाजूंनी बसून वाळेपर्यंत ते काढायचे नाहीत. ती वरची पट्टी पितळेची केलीत तर उत्तम, सुपरग्लूनं बसते आणि कधी वाकत नाही.

आता बोग्या. बॉक्सएनखाली कॅसनब बोगी असते: दोन बाजूच्या ओतीव चौकटी आणि त्यांना जोडणारा आडवा बोल्स्टर. चौकट 0.75 आणि 0.5 चे थर चिकटवून करा. एक नमुना मन लावून घडवून सिलिकॉनच्या साच्यात रेझिनच्या चार ओतल्या, तर चारही सारख्या येतात. दुसरी वाघीण करायची असेल तर हाच मार्ग घ्या. ॲक्सलच्या टोकदार शेंड्यांसाठी पितळी बेअरिंग-कप बसवायचे. ॲक्सल व्हर्निअरनं मोजा. समोरासमोरच्या कपांच्या तळांतलं अंतर त्यापेक्षा 0.2 मि.मी. जास्त हवं. कमी झालं तर चाक अडतं, फार वाढलं तर ॲक्सल एका बाजूला लोंबतो. चारही भोकं एकाच जिगमध्ये (तुकडा दर वेळी त्याच जागी धरणारा साचा) पाडा, कारण दोन ॲक्सल समांतर नसतील तर बोगी सतत एका रुळाकडे ओढत राहते. चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर सुमारे 14.4 मि.मी. आहे का तेही पाहा. विकतचं चाक म्हणजे बरोबरच असेल असं धरू नका. मग एक मीटर फळीवर रूळ टाकून एक टोक 2 सें.मी. उचला. नुसती बोगी ठेवल्याठेवल्या आपण होऊन निघाली पाहिजे.

बोगी वाघिणीला एम-2 स्क्रूनं जोडताना दोन्ही स्क्रू सारखे आवळणं ही हमखास होणारी चूक. रूळ कुठंच पूर्ण सपाट नसतो. चार कोपऱ्यांवर ताठ उभी असलेली वाघीण एखाद्या सांध्यावर एक चाक उचलते आणि तिथंच रुळावरून उतरते. एका बोगीचा स्क्रू असा ठेवा, की ती फक्त वळेल, डावी-उजवी डुलणार नाही. दुसरीचा अर्धा ते पाऊण फेरा सैल, म्हणजे ती डुलेल. तीन पायांची तिवई कुठंही टेकते, तेच तत्त्व. वळणावर चाकाची कड तळाखालच्या पट्टीला घासते का ते याच वेळी बघा. कपलरचा मध्य रुळापासून 9.9 मि.मी.वर यायला हवा. हे एचओ कपलरचं माप; खऱ्या भरलेल्या वाघिणीची किमान उंची 1030 मि.मी., म्हणजे 10.1, तेव्हा जुळतंच. उंची कमी पडली तर बोल्स्टरवर पाव मि.मी.चे वॉशर चढवा, स्क्रूशी खेळू नका.

वजनाचा हिशेब अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेच्या संस्थेनं घालून दिलेला: सुरुवातीला 28 ग्रॅम, मग लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरला 5.6. आपली वाघीण सुमारे 82 ग्रॅमची व्हायला हवी. रिकाम्या वाघिणीत वजन लपवायला जागाच नाही. तळावर 95 बाय 28 चा 1 मि.मी. पोलादी पत्रा टाकून वर पाव मि.मी. शीट लावली तरी पत्र्याचे 21 ग्रॅमच मिळतात. हलकी वाघीण जड वाघिणींच्या मध्ये जोडली, की वळणावर आतल्या बाजूला ओढली जाऊन पडते. म्हणून पहिली वाघीण भरलेलीच करा. कोळशाखाली इतवारीतून आणलेले लोखंडी नट मावतील तेवढे. शिसं आणि फेविकॉल मात्र एकत्र आणू नका. फेविकॉलसारख्या गोंदातल्या आम्लानं शिशावर पांढरा क्षार धरतो, तो फुगतो, आणि काही वर्षांनी भिंती फोडतो.

रंगाबद्दल थोडक्यात. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मग रेड ऑक्साइड छटेचा गाड्यांचा स्प्रे प्रायमर, दोन पातळ हात. उन्हाळ्यात दुपारी नको. थेंब हवेतच वाळून पृष्ठभागावर वाळूसारखे बसतात. कूलर चालू असलेल्या खोलीत तर मुळीच नको, त्या दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. सकाळी सहा-सातची वेळ चांगली.

आकड्यांत चूक राहिली तर जाणकाराची नजर तिथंच जाते. वाघिणीचा क्रमांक 11 अंकी असतो: पहिले दोन प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार अंकी क्रमांक आणि शेवटी तपासणीचा अंक. समजा आपण 10 01 08 3452 घेतला: बॉक्सएन, मध्य रेल्वे, 2008. सम स्थानांवरचे अंक 0, 1, 8, 4, 2. बेरीज 15, तिप्पट 45. विषम स्थानांवरचे 1, 0, 0, 3, 5, बेरीज 9. एकूण 54. दहाच्या पटीतली पुढची संख्या 60, म्हणून शेवटचा अंक 6. घरचा लेझर प्रिंटर पांढरी अक्षरं छापत नाही. तेव्हा पांढऱ्या डीकॅल कागदावर (छापलेलं मॉडेलवर उतरवायचा कागद) तपकिरी पार्श्वभूमी छापायची आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची. तपकिरी छटा जुळायला तीन-चार नमुने काढावे लागतात, ते काढाच.

कोळसा खराच वापरा. फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडा आणि चहाच्या गाळणीनं चाळा. गाळणीत उरलेले एक-दोन मि.मी.चे खडे म्हणजे खरे दहा-वीस सेंटिमीटरचे. तेच घ्या, खाली पडलेली भुकटी आतल्या भिंतींवर बोटानं चोळायला ठेवा. नटांवर पुठ्ठा, त्यावर खडे, मध्ये ढीग किंचित उंच. एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब, हे ड्रॉपरनं सोडा. साबण नसेल तर पाणी खड्यांवरून गोळीसारखं घरंगळतं आणि खडेही सोबत नेतं. पूर्ण दोन दिवस वाळू द्या, मग वजन पुन्हा करा, आणि त्यानंतर रुळावर ठेवा.