साडेबावन्न इंच शांतता

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘नभोवाणीवरील सखोल संवाद : काल, आज आणि उद्या’. हे नाव माझं नव्हे. मी फोनवर ‘रेडिओवरच्या गप्पा’ एवढंच म्हटलं होतं, चिटणिसांना ते हलकं वाटलं असावं. मला पाऊण तास दिलाय, त्यातली बारा मिनिटं हारतुऱ्यांत आणि माझ्या परिचयात गेली. त्या परिचयातलं निम्मं खरं होतं.

माझं म्हणणं एकच आहे. मुलाखत प्रश्नावर चालत नाही, प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसण्यावर चालते. हे मला एका चुकीनं शिकवलं. ती आधी सांगते, काल-आज-उद्या मागाहून.

आमच्या वेळी ध्वनिमुद्रण टेपवर व्हायचं. पाव इंच रुंदीची तपकिरी फीत सेकंदाला साडेसात इंच वेगानं हेडवरून सरकायची. त्यामुळे आम्ही वेळ इंचात मोजायचो. पाहुणा खोकला, गेली नऊ इंच. नको तो भाग ब्लेडनं तिरका कापायचा, टोकं चिकटपट्टीनं जोडायची. हवे असलेले तुकडे गळ्यात अडकवून आम्ही फिरायचो, शिंप्याच्या गळ्यात टेप असते तसं. एकदा मी तशीच कँटीनमध्ये गेले आणि एका मंत्र्यांचा शेवटचा परिच्छेद चहात बुडाला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मंत्र्यांच्यासुद्धा.

तर मी काम करायचे त्या आकाशवाणी केंद्रावर (नाव सांगत नाही, पेन्शन अजून चालू आहे) भूजलावर पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होता. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आले ते नऊ पानं लिहून. रीतच होती तशी: संहिता आधी द्यायची, ती तपासून यायची, मग अक्षरशः तीच वाचायची. सरांनी सुरुवात केली, ‘महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्ट या अग्निजन्य खडकाने व्यापलेला असून...’ पान उलटलं की माइकवर अंगावर झाड पडल्यासारखा आवाज. तिसऱ्या पानाला मी टेप थांबवली, आत गेले आणि पानं उचलून बाजूला ठेवली. सर घाबरले. हातातला कागद काढून घेतला की विद्वान माणूस पोहता न येणाऱ्यासारखा दिसतो.

म्हटलं, सर, माझ्या माहेरी आमच्या विहिरीला मार्चमध्ये तळ दिसतो. बांधापलीकडे काकांच्या विहिरीवर मेमध्येसुद्धा पंप चालतो. असं का?

सर गप्प. चष्मा काढून टेबलावरच्या हिरव्या बनातीवर ठेवला. काचेपलीकडून इंजिनियर मला हातानं गोल-गोल खूण करतोय, पुढं चला, पुढं चला. मी ढिम्म. सात सेकंदांनी सर म्हणाले, ‘माहीत नाही.’

आणि मग असे बोलले म्हणता! काळा पाषाण पाणी पीत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या सांध्यांत, भेगांत. लाव्ह्याचे थरांवर थर. त्यात कुठे झिजलेला मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यापोकळ्यांचा खडक, लागला तर तो पाणी धरतो. तुमच्या काकांना एखादी भेग लागली असेल, तुमची वीस फुटांनी हुकली असेल. वरून सगळं दिसत नाही, म्हणून माहीत नाही म्हटलं. बरं, उद्या तुम्ही खोल गेलात आणि तीच भेग तुम्हालाही लागली, तर पाणी एकच, पंप दोन. मग पाणी कुणाचं? हा प्रश्न मी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाच विचारला. विज्ञान आणि समाज यांच्यामधला बांध तिथं फुटला.

मजकूर झाला साडेसोळा मिनिटांचा. कापाकापीला बसले मीच, आणि सगळ्यात आधी ती सात सेकंद काढली. साडेबावन्न इंच. पहिल्या रांगेतल्या आजोबांची काठी आहे ना, तिच्या साधारण दीडपट.

प्रसारण झालं. विहिरीचा प्रश्न, आणि त्याला लागून खट्कन ‘माहीत नाही’. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं: शेतकऱ्याच्या प्रश्नाला इतकं तुटक बोलणारे उद्धट विद्वान कशाला बोलावता? त्याहून वाईट म्हणजे सरांचा फोन. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, ‘मी इतक्या लवकर उत्तर दिलं होतं का हो?’

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ अरे देवा.

काल, मग. १९५२मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटवलं आणि अख्खा देश श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनला नेऊन बसवला. शेवटी १९५७मध्ये गाण्यांसाठी विविध भारती काढावी लागली. गाण्यांसाठी लोक भांडले, गप्पांसाठी कुणी भांडलं नाही, ही माझी जुनी तक्रार. तरी आकाशवाणीनं १९९०च्या दशकात ‘मानव का विकास’ ही १४४ भागांची विज्ञानमालिका अनेक भाषांतून ऐकवली, हे विसरू नका.

परदेशातलं एकच. बीबीसी रेडिओ ४वर १९९८पासून ‘इन अवर टाइम’ चालू आहे. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. मेल्विन ब्रॅग यांनी २०२५पर्यंत हजारावर भाग केले. ते पाहुण्यांना मधेच तोडायचे. म्हणजे माझ्या सिद्धांताला धक्का, पण त्यावर बोलायला वेळ नाही.

आज. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालय १९९५मध्ये म्हणालं. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी वर्ज्य. वाहतूक तुंबली हे सांगता येतं, ती कुणाच्या निर्णयानं तुंबली यावर गप्पा रंगवायला गेलात की पंचाईत. सामुदायिक रेडिओ केंद्रांनाही, आपल्या म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्यांनाही, हीच वेसण. म्हणून बोलणारे सगळे पॉडकास्टकडे गेले. तिथं वेळेची अडचण नाही, तीन-तीन तास बोलतात. आणि हल्लीच्या संगणकात एक बटण असतं, ते दाबलं की सगळ्या शांतता आपोआप कापल्या जातात. गळ्यातही काही अडकत नाही.

दुसरी चिठ्ठी. ‘उद्या’ राहिला, चिटणीस, पुढच्या वर्षी बोलवा. आता प्रश्न घेते. आणि उत्तर द्यायला जरा थांबले, तर माइक गेला असं समजून त्या पोराला वायर हलवायला पाठवू नका.